बेटांवरचे पक्षी आणि गळका रांजण



आमचे सेनगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. येथल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिला आहे तो केवळ चित्रात. तरीही या लेखाचा विषय मला मिळाला तो येथल्याच एका मुलाकडून. नकाशात अंदमान-निकोबार बेटे शोधता शोधता त्याने विचारले, "सर, पक्ष्यांना तर पंख असतात. मग एका बेटावरचा पक्षी शेजारच्या बेटावर का नसतो? त्याला उडून जायला कोण अडवते?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पक्षिशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या प्रश्नावर विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, यात अंतर आहे, क्षेत्रफळ आहे, काळ आहे आणि संभाव्यताही आहे. म्हणजे आमच्या ओळखीची बरीचशी मंडळी येथे हजर आहेत! तेव्हा चला, आपण मिळून या प्रश्नाचा छडा लावू.

एक कोडे

भारताचा नकाशा समोर घ्या. बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेली, तुटलेल्या माळेसारखी बेटांची रांग दिसेल. तिची लांबी सातशे किलोमीटरहून अधिक आहे. उत्तरेकडची बेटे अंदमानची, दक्षिणेकडची निकोबारची. दोहोंच्या मध्ये सुमारे १५० कि.मी. रुंदीचा समुद्र आहे. दहा अंश उत्तर अक्षवृत्त त्यातून जाते म्हणून त्याला 'दहा अंश खाडी' असे नाव पडले. या सगळ्या बेटांचे क्षेत्रफळ मिळून ८,२४९ चौ. कि.मी. भरते, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या दुपटीपेक्षा थोडे कमीच.

आता अंदमानच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे सरका. सुमारे १३० कि.मी. अंतरावर समुद्रात एकटाच उभा असलेला एक डोंगर भेटेल. त्याचे नाव नारकोंडाम. हा एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. त्याची उंची ७१० मीटर आणि क्षेत्रफळ जेमतेम सात चौ. कि.मी. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाचे शिवारसुद्धा याहून मोठे असते.

या एवढ्याशा बेटावर धनेशाची एक जात राहते. धनेश म्हणजे मोठ्या बाकदार चोचीचा, फळे खाणारा पक्षी. त्याच्या काही जाती आपल्या महाराष्ट्रातही आहेत. याची मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, आणि नर बाहेरून एका फटीतून तिला व पिलांना चारा पुरवतो. नारकोंडामवरची धनेशाची जात नारकोंडाम सोडून जगाच्या पाठीवर रानात दुसरीकडे कोठेही नाही.

कोडे पुढेच आहे. अंदमानच्या मोठ्या बेटांवर दाट जंगल आहे, फळे आहेत, ढोल्या असलेली प्रचंड झाडे आहेत. पण तेथे धनेश नाही. ही जात नाही आणि दुसरी कोणतीही नाही. निकोबारातही नाही. मोठ्या वाड्यात कोणी नाही आणि कोपऱ्यातल्या खोपटात मात्र बिऱ्हाड थाटलेले, असा हा प्रकार!

याद्या कोणी केल्या?

कोणता पक्षी कोठे आहे हे सांगायचे तर आधी कोणीतरी बेटाबेटावर जाऊन नोंदी करायला हव्यात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. ते मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते. १८७३ मध्ये ते जहाजाने अंदमान-निकोबारला गेले आणि नारकोंडामच्या धनेशाचे शास्त्रीय वर्णन त्यांनीच प्रथम केले.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम चालू ठेवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिच्याशी आयुष्यभर निगडित असलेल्या हुमायून अब्दुलअली यांनी १९६० नंतरच्या दशकात या बेटांच्या सफरी करून तेथील पक्ष्यांच्या तपशीलवार याद्या प्रसिद्ध केल्या. अशा नोंदींमुळेच आज आपल्याला ठाऊक आहे की, या बेटांखेरीज जगात कोठेही नसलेल्या पक्ष्यांच्या वीसहून अधिक जाती येथे आहेत. अशा जातींना 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात.

यादी म्हणजे नुसती नावांची जंत्री असे कित्येकांना वाटते. पण दोन बेटांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातून प्रश्न उगवतात. आणि विज्ञान सुरू होते ते तेथूनच.

पहिला पहारेकरी : अंतर

आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता, पक्ष्याला कोण अडवते? पहिला अडवणारा म्हणजे अंतर. पण अंतर अडवते ते नेमके कसे, हे जरा गणिताने पाहू.

म्यानमारचा किनारा नारकोंडामपासून अडीचशे कि.मी.हून अधिक दूर आहे. समजा, वादळात सापडून एक धनेश तेथून समुद्रावर आला आणि वाट फुटेल तिकडे सरळ उडत सुटला. नारकोंडामची रुंदी चार कि.मी. धरा. २५० कि.मी.वरून चार कि.मी. रुंदीची वस्तू किती कोनात दिसेल? ४ भागिले २५० म्हणजे ०.०१६ रेडियन, म्हणजे एका अंशाहूनही किंचित कमी. वर्तुळात अंश ३६०. म्हणजे दिशा ठाऊक नसलेल्या चारशे पक्ष्यांपैकी जेमतेम एकाची दिशा बरोबर लागणार!

बेट दिसले तर पक्षी त्याकडे वळेल, हे खरे. पण पृथ्वी गोल आहे. ७१० मीटर उंचीचे शिखर समुद्रसपाटीवरून फार तर ९५ कि.मी. अंतरापर्यंत दिसू शकते. पक्षी १०० मीटर उंचावरून उडत असेल तर त्यात आणखी ३५ कि.मी.ची भर घाला. म्हणजे निम्मा प्रवास तरी आंधळाच. शिवाय धनेश हा जड पक्षी. पाण्यावर उतरून विसावा घेणे त्याला जमत नाही. पंख थकले की खेळ संपला.

मग तो तेथे पोचला कसा? येथे काळ मदतीला येतो. समजा, एखाद्या वर्षी धनेशाची एखादी जोडी तेथे सुखरूप पोचण्याची संभाव्यता दहा हजारात एक इतकी अल्प आहे. आपल्या आयुष्यात ती घटना घडणार नाही हे जवळजवळ निश्चित. पण दहा हजार वर्षांत ती एकदा तरी घडण्याची संभाव्यता ६३ टक्के होते, आणि पन्नास हजार वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक! निसर्गाजवळ वर्षांची काय कमी?

लॉटरी कोणाला लागेल हे मात्र आधी सांगता येत नाही. मोठ्या बेटाजवळ तिकिटे जास्त असतात, तरी बक्षीस कधी कधी एकाच तिकिटाच्या धन्याला लागते. नारकोंडामचे तसेच झाले. आणि पोचलेल्या पाहुण्यांचे भाग्य असे की, या बेटावर वड-उंबराच्या जातीची फळझाडे विपुल आहेत आणि फळांवर हक्क सांगणारे मोठे प्राणी नाहीत. पोचणे ही एक गोष्ट आणि टिकणे ही दुसरी. येथे दोन्ही जुळून आल्या.

दहा अंश खाडीच्या दोन तीरांवर

अंतराचा प्रभाव पाहायचा असेल तर दहा अंश खाडीच्या दोन बाजू पाहाव्यात. अंदमानात सुतारपक्षी आहेत. त्यांपैकी काळ्या रंगाचा अंदमानी सुतार तर प्रदेशनिष्ठच आहे. खाडी ओलांडून निकोबारला जा, तेथे सुतारपक्ष्याची एकही जात नाही. ओंडका टोकरण्यात पटाईत असलेला हा पक्षी रुंद पाणी ओलांडायला फारसा तयार नसतो.

मग तो अंदमानात तरी कसा आला? याचे उत्तर शोधताना आजचा नकाशा पुरेसा नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग होते. अफाट पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकले होते. त्यामुळे समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. अंदमानची मुख्य बेटे तेव्हा एकमेकांना जोडलेली होती आणि म्यानमारच्या बाजूचे समुद्राचे पट्टेही बरेच अरुंद झाले होते. निकोबारची बेटे मात्र तेव्हाही पाण्याने वेढलेलीच राहिली. म्हणून अंदमानचे पक्षी पुष्कळ अंशी म्यानमारकडच्या पक्ष्यांचे भाऊबंद वाटतात, तर निकोबारच्या पक्ष्यांचे नाते सुमात्रा-मलायाकडे अधिक जुळते. निकोबारचे सर्वांत दक्षिणेकडचे बेट, ग्रेट निकोबार, हे सुमात्रापासून केवळ दीडशे कि.मी.वर आहे.

याच्या उलट गंमत म्हणजे निकोबारचा 'मेगापोड'. कोंबडीएवढा, भुऱ्या रंगाचा, दणकट पायांचा हा पक्षी निकोबारात आहे. अंदमानात आज तो नाही. हा अंडी उबवायला बसतच नाही! किनाऱ्याजवळच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून तो मोठा ढीग रचतो आणि अंडी त्यात पुरतो. तुम्ही हिवाळ्यात पहाटे उकिरड्यावरून वाफ निघताना पाहिली असेल. कुजणाऱ्या शेणकचऱ्यात सूक्ष्म जीव उष्णता निर्माण करतात, ती ही वाफ. मेगापोड नेमकी हीच उष्णता वापरतो. सत्तर-ऐंशी दिवसांनी पिलू ढीग उकरून बाहेर येते, ते थेट स्वतःच्या पायावर उभे राहून. आईबापांची गाठभेटही होत नाही.

गळका रांजण

आतापर्यंत आपण एकेका पक्ष्याची गोष्ट पाहिली. पण एखाद्या बेटावर एकंदर किती जाती असाव्यात, याला काही नियम आहे काय? आहे. तो समजून घ्यायला तुमच्या घरचा रांजण पुरे.

रांजणाच्या तळाला एक भोक आहे अशी कल्पना करा. वरून नळाची धार सोडा. पाणी चढू लागेल. पाणी जितके उंच चढेल तितकी खालच्या भोकातून जाणारी धार जोराची होईल. शेवटी एक वेळ अशी येईल की, वरून येते तेवढेच पाणी खालून जाईल आणि पातळी स्थिर होईल. यालाच गतिशील समतोल म्हणतात.

आता रांजण म्हणजे बेट समजा आणि पाण्याची पातळी म्हणजे तेथील पक्ष्यांच्या जातींची संख्या. वरची धार म्हणजे बाहेरून नव्याने येणाऱ्या जाती. खालचे भोक म्हणजे त्या बेटावरून नाहीशा होणाऱ्या जाती. बेट मुख्य भूमीपासून दूर असेल तर वरची धार बारीक. बेट लहान असेल तर खालचे भोक मोठे. कारण लहान बेटावर प्रत्येक जातीचे पक्षी थोडेच असतात आणि एखादे वादळ, एखादी साथ किंवा एखादा दुष्काळ त्यांना पुसून टाकायला पुरतो. म्हणजे जवळच्या मोठ्या बेटावर जाती सर्वांत अधिक, आणि दूरच्या लहान बेटावर सर्वांत कमी.

हा विचार रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात गणिताच्या रूपात मांडला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्सन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी त्याची परीक्षाही घेतली. फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळची खारफुटीची काही चिमुकली बेटे त्यांनी तंबूंनी झाकली, विषारी धुरी देऊन त्यांवरचे सगळे कीटक मारले आणि मग वाट पाहिली. साधारण वर्षभरात बहुतेक बेटांवर कीटकांच्या जातींची संख्या जवळजवळ पूर्वीइतकी झाली. मात्र सगळ्या जाती पूर्वीच्याच नव्हत्या! रांजणाची पातळी तीच, पण आतले पाणी बदललेले.

क्षेत्रफळाचा एक ढोबळ नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकाच समूहातल्या बेटांची तुलना केली तर क्षेत्रफळ दहापट झाल्यावर जाती सुमारे दुप्पट होतात. समजा, १० चौ. कि.मी.च्या बेटावर २० जाती आहेत. तर १०० चौ. कि.मी.च्या बेटावर ४० आणि १,००० चौ. कि.मी.च्या बेटावर ८० जाती असाव्यात. २ चा लॉगॅरिथम ०.३०१० हे तुम्हाला पाठ असेलच. क्षेत्रफळाचा सुमारे ०.३ घात घेतला की जातींचे प्रमाण मिळते, असे या नियमाचे गणिती रूप आहे. हा नियम काटेकोर नाही, पण दिशा दाखवण्यापुरता भरवशाचा आहे.

आता तो उलटा वाचा. क्षेत्रफळ एक-दशांश झाले तर कालांतराने निम्म्या जाती जाणार! हे वाक्य विसरू नका. लेखाच्या शेवटी आपल्याला त्याची गरज पडेल.

जोडलेली भांडी आणि बंद बाटल्या

रांजणाच्या उपमेने संख्या कळते. पण नारकोंडामचा धनेश इतर धनेशांहून वेगळा का झाला, ते कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली जोडपात्रे आठवा. नळीने जोडलेल्या दोन भांड्यांपैकी एकात रंग टाकला तर तो हळूहळू दुसऱ्यातही पोचतो. नळी काढून टाकली की प्रत्येक भांड्याचा रंग निराळा राहतो.

निकोबारी पारवा नावाचा एक सुंदर पक्षी आहे. हिरव्या-तांबूस झळाळीची पिसे, मानेवर लांब पिसांची झालर आणि शेपटी पांढरी शुभ्र. हा पारवा थवे करून बेटाबेटांवर हिंडतो. निकोबारपासून पार प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपर्यंत तो आढळतो. त्याच्यासाठी ही सर्व बेटे म्हणजे जोडपात्रे. म्हणूनच हजारो किलोमीटरवरचे पारवेही एकाच जातीचे राहिले. धनेशाची बेटावरची वस्ती म्हणजे मात्र बंद बाटली. पिढ्यान् पिढ्या बाहेरचे रक्त मिसळले नाही. लहानसहान बदल साठत गेले आणि जात वेगळी झाली.

याच पारव्याचा एक जवळचा नातलग तुम्हाला नावाने ठाऊक आहे : डोडो! २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासावरून असे दिसले की, आज हयात असलेल्या पक्ष्यांपैकी डोडोला सर्वांत जवळचा आहे तो निकोबारी पारवा. डोडोचे पूर्वज उडत उडत दूरच्या मॉरिशस बेटावर पोचले. तेथे शत्रू नव्हता, म्हणून पुढच्या पिढ्यांची उडण्याची शक्ती गेली. हेच ते मॉरिशस, जेथे आज आपली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तेथे गेले तेव्हा डोडो उरलेला नव्हता. सतराव्या शतकात माणूस आणि त्याच्याबरोबर आलेली डुकरे, माकडे, उंदीर यांनी त्याचा निर्वंश केला होता. बंद बाटली फुटली की आतले सांडते ते कायमचेच.

एका दोऱ्याला टांगलेले

आता नारकोंडामच्या धनेशाकडे पुन्हा पाहा. पूर्वीच्या मोजण्यांत त्यांची संख्या तीन-चारशे भरली होती. अलीकडच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सुमारे एक हजार असल्याचा अंदाज निघाला. संख्या ऐकून बरे वाटते. पण हे हजारही पक्षी एकाच डोंगरावर आहेत. सगळी अंडी एकाच टोपलीत!

या बेटावर एक पोलीस चौकी आहे. तेथील माणसांच्या उपयोगासाठी नेलेल्या शेळ्या मोकाट सुटल्या, वाढल्या आणि जंगलातली कोवळी रोपे खाऊ लागल्या. शेळीने धनेशाच्या अंगाला तोंडही लावले नाही. पण आज रोप खाल्ले की पन्नास वर्षांनी ढोलीचे झाड कोठून येणार? धोका ओळखून पुढे शेळ्या हलवण्यात आल्या. या बेटावर रडार बसवण्याच्या योजनेलाही याच कारणाने २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला होता. २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

मेगापोडची कथा याहून हृदयद्रावक आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचले आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. माणसे गेली, गावे गेली. मेगापोडचे ढीग किनाऱ्यालगतच असतात, तेही गेले. नंतरच्या पाहणीत किनाऱ्यावर सुमारे ८०० जोड्याच उरल्याचा अंदाज निघाला. आधीच्या गणतीपेक्षा ही संख्या जवळजवळ ७० टक्के कमी होती. 'मेगापोड' याच नावाचे एक चिमुकले बेट तर जवळजवळ पाण्याखालीच गेले.

त्सुनामी कोणाच्या हातात नाही. पण पुढचे आपल्या हातात आहे. ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात मोठे बंदर बांधण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी देण्यात आली. त्याआधी, २०२१ मध्ये, तेथील अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. याच किनाऱ्यावर मेगापोड ढीग रचतात आणि समुद्री कासवे अंडी घालतात. बंदराने होणारा फायदा पैशांत मोजता येईल. पण रांजणातून एकदा गेलेली जात परत भरण्यासाठी निसर्गाला किती हजार वर्षे लागतील, हेही हिशेबाच्या वहीत दुसऱ्या बाजूला लिहायला हवे.

आपल्या शिवारातली बेटे

तुम्ही म्हणाल, "सर, अंदमान दूर राहिले. आम्हाला त्याचे काय?" तर ऐका.

पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा १९१४ च्या सुमारास पाणी चढून जंगलातल्या एका टेकडीचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोरॅडो. तेथे शिकार नाही, जंगलतोड नाही, संरक्षण पुरेपूर. तरीही पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तेथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या चाळीसहून अधिक जाती नाहीशा झाल्या. कोणी त्यांना मारले नाही. क्षेत्र लहान झाले, भोक मोठे झाले आणि पातळी आपोआप उतरली.

बेट व्हायला पाणीच लागते असे नाही. आमच्या सेनगावच्या शिवारात पावसाळ्यात उभे राहा. नजर पोचेल तेथवर सोयाबीन, तूर आणि हळद यांचा हिरवा समुद्र. त्यात मधे मधे एखादे गायरान, एखादा खडकाळ माळ, देवस्थानाभोवतीची झाडी, कयाधूच्या काठची बाभळी-करंजांची रांग. ही आपली बेटे! साळुंकीला हा समुद्र अडवत नाही. ती शेत ओलांडून कोठेही जाते. पण माळावर घरटे करणाऱ्या चंडोलाला, धाविकाला नांगरलेले रान चालत नाही. सुतारपक्ष्याला वठलेले झाड हवे. यांच्यासाठी एक माळ गेला म्हणजे एक बेट बुडाले. दहा एकरांच्या गायरानाचा एक एकर उरला तर काय होईल, हे आता तुम्हीच मला सांगू शकाल.

यातून मार्गही दिसतो. दोन बेटांच्या मधे छोटी छोटी बेटे असली की पक्ष्यांना टप्प्याटप्प्याने जाता येते. बांधावरची जुनी बाभूळ, विहिरीवरचा उंबर, ओढ्याकाठचे झुडूप हे असेच टप्पे. बांधावरचे एक झाड राखले तरी रांजणात पडणारी धार थोडी जाड होते. हे काम सरकारची वाट न पाहता तुमच्या घरचे करू शकतात.

करून पाहा

१. एका रिकाम्या डब्याला तळाशी खिळ्याने भोक पाडा आणि नळाखाली धरा. पातळी कोठे स्थिर होते, तेथे खूण करा. मग धार बारीक करा. पुढे भोक मोठे करा. प्रत्येक वेळी नवी खूण करा. कोणती खूण दूरच्या बेटाची आणि कोणती लहान बेटाची, ते वहीत लिहा.

२. गावाजवळची लहान, मध्यम व मोठी अशी झाडीची किंवा माळाची तीन 'बेटे' निवडा. पावलांनी मोजून क्षेत्रफळ काढा. प्रत्येक ठिकाणी दहा वेगवेगळ्या सकाळी अर्धा अर्धा तास बसून दिसलेल्या पक्ष्यांची यादी करा. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार, आवाज लिहा. घरट्यांना मात्र हात लावू नका. याद्या शेजारी शेजारी ठेवा. कोणता पक्षी तिन्ही ठिकाणी आहे? कोणता फक्त मोठ्यातच आहे?

३. विचार करा : साळुंकी आणि चिमणी हे पक्षी अंदमानात ब्रिटिश काळात माणसांनी नेऊन सोडले. आपल्या रांजणाच्या उपमेत ही घटना कशी दाखवाल?

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. पक्ष्याला कोण अडवते? अंतर अडवते, बेटाचा आकार अडवतो, आणि पोचल्यावर तेथे काय खायला मिळते व कोणाची भीती आहे, हे ठरवते की तो टिकणार की नाही. पंख असले तरी पक्षी या हिशेबातून सुटत नाही. तुमच्या याद्या तयार झाल्या की जपून ठेवा. आणखी वीस वर्षांनी त्याच माळावर जाऊन पुन्हा यादी करा. तेव्हा कळेल की आपल्या रांजणाची पातळी चढली की उतरली.